परिपत्रक क्रमांक चौदा

सकाळी साडेसातला आणि दुपारी तीनला, असं रोज दोनदा, सलग नवव्या दिवशी रेडिओने तान एन्ग्रासिया गेल्याची सूचना वाचली, आणि नवव्या दिवशीही गव्हर्नर इग्नासिओ माफ्नास यांचं नाव भाच्यांतच निघालं.

"मागे मुलगी रेमेदियोस. भाऊ फेलीपे. भाचे आंतोनियो, बेर्नाबे, एउसेबियो, इग्नासिओ, होआकीन..."

एकूण अकरा भाचे, इग्नासिओ चौथा. नावामागे 'गव्हर्नर' नाही, 'माननीय' नाही. निवेदिका पुढे मीठ घातलेल्या माशांच्या जाहिरातीकडे वळली.

"बंद करू?" डॅरिलने पुढच्या सीटवरून विचारलं. तो गव्हर्नरांचा सचिव. अमेरिकेहून आलेला, चार वर्षं बेटावर राहून अजून बंद बूट घालणारा.

"राहू दे," इनास म्हणाला. सान इसिद्रो गावाची पाटी मागे गेली की तो गव्हर्नर माफ्नास उरत नसे. तिथे तो इनास होता, आणि पन्नास वर्षं तान एन्ग्रासियाचा मुलगा होता. त्याची जन्मदाती, म्हणजे एन्ग्रासियाची धाकटी बहीण, होनोलुलूला गेली ती परतलीच नाही. दोन वर्षांचा इनास तेव्हा एक चटई आणि दोन सदरे घेऊन रस्त्याच्या एका बाजूच्या घरातून दुसऱ्या बाजूच्या घरात आला. बेटावर अशा गोष्टीचे कागद कोणी करत नसे. एन्ग्रासियाला गाव मानाने 'तान' म्हणे; तो 'नान' म्हणायचा, जसं आईला म्हणतात, आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची, जसा आई घालते. त्यामुळे कागद लागला नव्हता.

निवडणूक पाच आठवड्यांवर होती. मागच्या वेळी तो दोनशे बारा मतांनी आला होता. सान इसिद्रोतलं हे एक कुटुंब, सुना-जावयांसकट, तीनशे ऐंशी मतांचं होतं. ही वजाबाकी त्याला पाठ होती. तरी आज तो नुसत्या वजाबाकीसाठी आला नव्हता, हेही खरं होतं. उद्या सकाळी दहाला नानला पुरायचं होतं, आणि चर्चमधल्या पहिल्या बाकावर, मुलांच्या बाकावर, त्याला बसायचं होतं.

गव्हर्नर होण्याआधी इनास बेटावरच्या सगळ्यात मोठ्या शीतगृहाचा मालक नसला तरी मालकासारखा होता. बावीस वर्षांत तो हिशेबनिसापासून अध्यक्षापर्यंत चढला. बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या कोंबडीच्या दर दहा तंगड्यांतल्या सात त्याच्या शीतगृहातून यायच्या. या आकड्यावर त्याने निवडणूक लढवली. "सरकार कंपनीसारखं चालवलं पाहिजे," असं तो म्हणाला, आणि लोकांनी, कंपनीत काम केलेलं नसल्यामुळे, टाळ्या वाजवल्या.

मग त्याने चालवलं. नागरिकांना 'ग्राहक' म्हणायचा आदेश निघाला. गव्हर्नरच्या कचेरीच्या दारात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र बसलं. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या चिठ्ठी घेऊन घंटा वाजायची वाट बघू लागल्या, आणि घंटा वाजली की देवाचं नाव घेऊन उठू लागल्या. प्रत्येक कचेरीत अंगठ्याचं यंत्र आलं. पहिल्या वर्षी एकशे चाळीस माणसं 'कपाती'त गेली. दुसऱ्या वर्षी, ज्याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता, ते परिपत्रक क्रमांक चौदा आलं.

त्यामागे अभ्यास होता. एका वर्षात सरकारी नोकरांनी मयतीपायी अकरा हजार दोनशे तास बुडवले होते. बेट चाळीस हजारांचं, आणि प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी. कोणी गेलं की नऊ दिवस संध्याकाळी जपमाळ, दिवसभर शंभर माणसांचा स्वयंपाक, दहाव्या दिवशी दफन. इनासने आलेख काढला, दूरचित्रवाणीवर दाखवला. शोकरजा यापुढे तीन दिवस. तीही फक्त नवरा-बायको, आईबाप आणि मुलं यांच्यासाठी, कागदोपत्री. इतर कुठलीही रजा हवी तर पंधरा दिवस आधी कळवायचं. दोनदा न सांगता गैरहजर राहिला तर नाव कपातीच्या पुढच्या यादीत.

"माझ्या कुटुंबालाही सवलत नाही," असं तो तेव्हा कॅमेऱ्यात बघून म्हणाला होता. डॅरिलने ते वाक्य प्रचाराच्या फलकावर घेतलं होतं. फलक अजून विमानतळाच्या रस्त्यावर होता.

घरामागच्या उघड्या स्वयंपाकघरात, पत्र्याखाली, धूर होता पण माणसं नव्हती. नवव्या दिवशी इथे तीस-चाळीस जणांची खेचाखेची असायची. इनासने सवयीने मोजलं. नऊ माणसं, सरासरी वय सत्तरच्या पुढे. दोन म्हाताऱ्या लाल भाताचं पातेलं ढवळत होत्या. एक जण नारळ खवता खवता पेंगत होती. टेबलावर फॉइलच्या तीन परातींत तळलेली कोंबडी होती. ती कुठून आली, हे त्याला परातीवरच्या पेंग्विनच्या चित्रावरून कळलं. ते चित्र त्यानेच पास केलं होतं.

मामा, म्हणजे नानचा भाऊ फेलीपे, ज्याला गाव मानाने तून लिपे म्हणे, खांबाला टेकून सुपारी चघळत बसला होता. वय एकोणऐंशी, गुडघा एकच चांगला. कुटुंबाची मतं कोणाला, हे तो दर चार वर्षांनी याच खांबाला टेकून सांगायचा.

इनास वाकला, म्हाताऱ्याच्या हाताची पाठ नाकाशी नेली, थोरांना करायचा नमस्कार केला. "ञोत, मामा."

"दियोस ते आयुदी," तून लिपे म्हणाला. देव तुला साहाय्य करो, हा आशीर्वाद तो वीज तोडायला येणाऱ्यालाही द्यायचा. "बस. नंबर घेतलास का?"

डॅरिल हसला आणि मग थांबला, कारण दुसरं कोणी हसलं नाही.

"बाकीचे कुठे आहेत, मामा?"

"कामावर."

"होआकीन? डुक्कर तोच भाजतो ना दरवेळी?"

"कीन रोडरोलरवर आहे. पाचला सुटेल, यंत्राला अंगठा दाखवेल, मग येईल. डुक्कर थांबायला तयार होतं रे. पण भाजायला सहा तास लागतात आणि जपमाळ सहाला." तून लिपेने परातीकडे मान वळवली. "म्हणून तुझी कोंबडी आणली."

"माझी नाही आता. कंपनीशी माझा संबंध नाही."

"चव तीच आहे."

रेमी, म्हणजे नानची मुलगी रेमेदियोस, घरातून बाहेर आली. काळा झगा, मनगटावर जपमाळ, काखेत फाइल. ती इनासपेक्षा चार वर्षांनी मोठी. एकोणतीस वर्षं सरकारी कर्मचारी विभागात, आता तिथली मुख्य कारकून. वीस वर्षं गावाची 'तेचा', म्हणजे मयतीत प्रार्थना सांगणारी. दोन्ही कामं ती एकाच आवाजात करायची, त्यामुळे तिच्याकडे रजेचा अर्ज घेऊन गेलेला माणूस नकळत हात जोडून उभा राहायचा. आईच्या मयतीसाठी तिला नियमाने तीन दिवस मिळाले होते. तिने ते शेवटचे तीन घेतले होते.

"आलास," ती म्हणाली. "नऊपैकी तिसऱ्यांदा."

"टोकियोला होतो दोन दिवस. मग अर्थसंकल्प..."

"मी फक्त मोजलं. तुलाच आवडतं मोजलेलं."

इनासने आवाज खाली आणला. "रेमी, रेडिओवर ती यादी."

"काही चुकीचं वाचलं का पोरीने?"

"मी भाच्यांत आहे."

"हो."

"मला नानने वाढवलं. तुला काय सांगायचं ते."

"मला कशाला सांगतोस. माझ्या अर्ध्या चादरीत झोपायचास. लाथा मारायचास." तिने फाइल उघडली. तिला पान शोधावं लागलं नाही. "परिपत्रक चौदा, कलम दोन. जवळचं नातं म्हणजे जन्मदाखल्यावर किंवा न्यायालयाच्या दत्तकपत्रावर असलेलं नातं. नुसती वाढवलेली मुलं आणि वाढवणारे यांना धरू नये. खाली सही आहे. ओळखीची वाटते."

"ते रजेसाठी आहे. रेडिओसाठी नाही."

"मला आता एकच नियम लक्षात राहतो. वय झालं."

म्हातारी नारळ खवायची थांबली होती. ती पेंगत नव्हतीच, असं दिसलं.

"जानेवारीत बंदरातली दोमितिला आली होती माझ्याकडे," रेमी म्हणाली. आवाज चढला नाही. "आठवड्याची असल्यापासून जिने सांभाळलं, ती गेली होती तिची. चार दिवस मागत होती. म्हणाली, तान रेमी, तुम्हाला तर माहीत आहे ती माझी कोण. मी म्हटलं, मला माहीत आहे, कागदाला माहीत नाही. आणि शिक्का मारला. या हाताने. त्या दिवशी संध्याकाळी त्याच हाताने तिच्या घरी जपमाळ धरली. आता नानच्या वेळी मी यादीत खाडाखोड करू?"

  इनासने परात फिरवून पेंग्विन दुसरीकडे वळवला.

"ते राहू दे," रेमी म्हणाली. "उद्या दहाला उचलायचं कोणी, ते सांग."

"भाचे उचलतात."

"अकरा भाचे. एक नौदलात, सॅन दिएगोला. नऊ जण सरकारात. नऊही अर्ज माझ्या टेबलावरून गेले. मावशी हे नातं बसत नाही. नामंजूर." तिने नऊ कागद पत्त्यांसारखे टेबलावर पसरले. "कीनचं एकदा गैरहजर लागलेलं आहे, वादळात पूल बंद होता तेव्हाचं. उद्या आला तर दुसरं. त्याला चार मुलं आहेत."

"पंधरा दिवस आधी कळवलं असतं तर मिळाली असती," तून लिपे म्हणाला. "एन्ग्रासियाचंच चुकलं. आधी सांगायला हवं होतं तिने."

इनास डॅरिलकडे वळला. हे त्याचं क्षेत्र होतं. अडचण आली की माणूस, कागद, सही. "परिपत्रक मागे घेतो. आत्ता. लिही."

डॅरिलने गळा साफ केला. "मागे घेता येईल. पण परिपत्रक क्रमांक तीन आहे ना. कुठलाही आदेश सहीनंतर कामाचे पाच दिवस गेल्याशिवाय लागू होत नाही. व्यापाऱ्यांना अचानक धक्का बसू नये म्हणून. तुमचीच कल्पना होती. चांगली होती."

"मग फक्त या नऊ जणांना सवलत."

"तो फलक," डॅरिल म्हणाला. "विमानतळाच्या रस्त्यावरचा."

"आणीबाणी?"

"ती फक्त वादळात."

तून लिपेने पत्र्याच्या कडेबाहेर मान काढून आभाळ पाहिलं. "एक ढग नाही."

"मी खातेप्रमुखांना फोन करतो. उद्या दोन तास डोळेझाक करा म्हणतो."

"प्रमुख करतील," रेमी म्हणाली. "यंत्र करणार नाही. त्याला फोन येत नाही. फार चांगलं यंत्र आणलंस तू, इनास. खरंच. आजवर कोणाला फसवता आलेलं नाही."

हे ती टोमणा म्हणून बोलली की नोकरीतला अभिप्राय म्हणून, ते त्याला कळेना. कदाचित दोन्ही.

"शनिवारी पुरू," तो म्हणाला.

"शनिवारी पाद्री उत्तरेला, त्यांच्या संताचा सण आहे. आणि नवव्यानंतर दहावा येतो. तेवढं तरी तुझ्या परिपत्रकात नाही." तिने फाइलमधून आणखी एक कागद काढला. "मी सोय केली आहे. सहा जण. शुक्रवारी सकाळी दहाला मोकळे असलेले, अंगात जोर असलेले, गावातले. शोधायला वेळ लागला नाही."

इनासने कागद घेतला. कोस्मे अतालिग, कबरस्तान विभाग. लुकास आणि बितो, भाऊ, सरकारी छापखाना. बास्त्यान, शाळेची बस. मानेट, बंदर. पाच नावं. प्रत्येकापुढे रेमीच्या बारीक अक्षरात एकच शेरा: कपात, पहिली फेरी.

"हे..." तो म्हणाला.

"हो. तू काढलेले. म्हणूनच मोकळे आहेत. मी घरोघर गेले. कोस्मेला म्हटलं, माझ्या आईला खांदा हवा आहे. त्याने विचारलंही नाही की भाचे कुठे गेले. त्याला ठाऊक होतं."

"सहावा?"

"सहाव्याला कोणाकडे रजा मागावी लागत नाही. अंगठा लावावा लागत नाही. अकरा भाच्यांतला तेवढा एकच." तिने फाइल मिटली. "कागदावर तू भाचा आहेस, इनास. भाचे उचलतात."

 डॅरिल हळूच म्हणाला की कॅमेऱ्यासाठी हे तसं वाईट नाही, गव्हर्नर स्वतः खांदा देताना. मग त्याला पाच नावं पुन्हा दिसली, आणि तो कोंबडी घ्यायला गेला.

पाचला यंत्रांनी माणसं सोडली. सव्वापाचपासून गाड्या येऊ लागल्या. कीन डांबराचे हात घेऊन आला. इनासला बघून त्याने मान हलवली, ना जास्त ना कमी. सहाला घर, ओसरी आणि अंगण भरलं. रेमीने पहिली प्रार्थना उचलली आणि दोनशे गळ्यांनी ती झेलली.

शवपेटीशेजारच्या पहिल्या बाकावर रेमी एकटी होती. बाक तिघांचा होता. इनास तिथे गेला तेव्हा तिने शेजारी फाइल ठेवली होती. तिच्या शब्दात खंड पडला नाही, डोळेही उघडले नाहीत. तो क्षणभर उभा राहिला. लोक बघत होते, निदान त्याला तसं वाटलं. मग तो मागच्या बाकावर, कीन आणि बेर्नाबे यांच्यामध्ये जाऊन बसला. कीन सरकला. डांबराचा वास आला.

"डुक्कर वाचलं," कीन पुटपुटला.

"कळलं मला."

"खूश आहे. तुला मत देईल."

दुसऱ्या दिवशी चर्चपासून कबरस्तानापर्यंत चारशे दहा पावलं होती. त्यातली शेवटची नव्वद चढाची. पेटीसकट वजन दीडशे किलो धरलं, तर सहांत प्रत्येकी पंचवीस. हे गणित सपाट रस्त्याचं. चढावर मागच्या दोघांवर जास्त येतं, आणि उंच माणसं पुढे असली तर आणखी. रेमीने उंची बघून जागा ठरवल्या होत्या. इनास डाव्या बाजूला, शेवटी होता.

कोस्मे अतालिग सगळ्यांत पुढे. बावीस वर्षं त्याने या गावाच्या कबरी खणल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ते काम राजधानीतल्या ठेकेदाराच्या यंत्राकडे गेलं. यंत्र आज आधीच येऊन खड्डा करून गेलं होतं. खड्डा सरळ होता आणि चार बोटं आखूड होता. कोस्मेने ते पहाटे पाहिलं आणि फावड्याने नीट केलं. हे इनासला नंतर कळलं, कोणी मुद्दाम सांगितलं म्हणून नव्हे.

"डावा पाय आधी," कोस्मेने मागे न बघता सांगितलं. "सावकाश. गव्हर्नर, तुमच्या बाजूने पेटी खाली जातेय."

"हो."

"इथे बदली माणूस मिळत नाही हं," बास्त्यान म्हणाला. तो इनासच्या शेजारी, उजव्या बाजूला होता. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि ते रागापेक्षा जड होतं. "थकलात तर सांगा. थांबू."

"नको. चालू."

"तान एन्ग्रासिया थांबायची," मानेट म्हणाला. "बाजारातून येताना. दर दहा घरांनी एकदा, गप्पा मारायला."

"आईसफ्रूट विरघळून जायचं तोवर," इनासच्या तोंडून निघालं. "मी रडायचो."

"आठवतंय," लुकास म्हणाला. "फार रडका होतास." 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या लक्षात आलं असावं, पण त्याने सुधारलं नाही.

चढ सुरू झाला. इनासचा सदरा पाठीला चिकटला, खांद्यात कळ आली. वाटेच्या कडेला लोक उभे होते, म्हणजे सरकारात नसलेले. एक म्हातारी त्याच्याकडे बघून शेजारणीला काही म्हणाली आणि दोघी रुमालात हसल्या. कॅमेरा होता, पण डॅरिलनेच त्याला दूर उभं केलं होतं. इनासने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ते लाकूड होतं, त्यात नान होती, आणि तिच्या आणि त्याच्यामध्ये या दहा दिवसांत पहिल्यांदाच एकही कागद नव्हता. तो रडला. हात मोकळे नव्हते म्हणून तोंड पुसता आलं नाही.

खड्ड्याशी पेटी खाली ठेवल्यावर रेमी समोर आली. तिने आपला रुमाल पाचांपैकी कोणाला द्यावा असा क्षणभर विचार केल्यासारखं केलं, आणि मग तो इनासच्या हातात कोंबला.

"नाक पूस," ती म्हणाली. "लोक बघताहेत."

परिपत्रक चौदा त्याने त्याच दुपारी मागे घेतलं. नियमाप्रमाणे ते कामाचे पाच दिवस उलटून पुढच्या शुक्रवारी रद्द झालं. त्या शुक्रवारी सकाळी साडेसातला इनास एकटाच गाडीत होता. रेडिओवर कुटुंबाची आभाराची सूचना लागली, जशी प्रत्येक मयतीनंतर लागते. निवेदिकेने पाद्र्याचे आभार मानले, स्वयंपाक करणाऱ्या म्हाताऱ्यांचे मानले, कोंबडीचे कोणाचेही मानले नाहीत.

"आमच्या आईला खांदा देणाऱ्यांचे विशेष आभार," ती वाचत गेली. मजकूर रेमीचाच होता, शब्द मोजून लिहिलेला. "कोस्मे अतालिग, माजी कबरस्तान विभाग. लुकास आणि बितो, माजी सरकारी छापखाना. बास्त्यान, माजी शाळा वाहतूक. मानेट, माजी बंदर खातं."

इनासने आवाज वाढवला.

"आणि आमचा भाऊ इग्नासिओ," निवेदिका म्हणाली, "सध्या गव्हर्नर."